परसदार : आईने लावलेली चेरी

गेल्या वर्षीच्या ‘परसदार’मध्ये मी टोमॅटोंवर लिहिलं होतं आणि शेवटी जाहीर करून टाकलं होतं की फळझाडाच्या वाटेला मी पुन्हा काही जाणार नाही. अंक हातात पडल्यावर मंडळातल्या दोन-तीन मैत्रिणींचे फोन आले. एकीने तर ‘बरं झालं सांगितलंस, आम्ही लावणारच होतो’ असंही म्हटलं. पण खरा फोन आला तो कराडहून, आईचा. भावाने तिला अंक मोबाइलवर मोठा करून दाखवला होता. “असं छापतात का ग? एक झाड मेलं म्हणून माणूस हात झटकतो का?” एवढंच बोलली आणि विषय बदलला. यंदाचं सदर त्या फोनचं उत्तर आहे असं समजा.

आधी मेलेल्या झाडाबद्दल, कारण त्यातली चूक तुमच्यापैकी कुणीही करू शकेल.

आम्ही कॅलगरीत आलो त्याला अकरा वर्षं झाली. येताना ठरलं होतं, पाच वर्षं राहायचं आणि परत. हे वाचून तुमच्यातले निम्मे हसले असतील. त्या ‘पाच वर्षां’मुळे आमच्याकडे सगळं कुंडीत असायचं. कढीलिंब कुंडीत, मोगरा कुंडीत, जास्वंद कुंडीत. कुंडी काय, उचलून कुणालाही देता येते. घर घेतल्यावरसुद्धा मागच्या अंगणात नुसतं गवतच होतं. मग चार वर्षांपूर्वी जुलैअखेर एका दुकानात चेरीचं झाड अर्ध्या किमतीत दिसलं. लेकीला चेरी जीव की प्राण, दर उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबियातून येणाऱ्या चेऱ्यांवर आमचे किती पैसे जातात ते सांगत नाही. झाड हिरवंगार, माझ्याएवढं उंच. लेबलवर ‘झोन ५’ लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि सोडून दिलं. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, चांगली उबेची जागा बघून लावलं.

मी भूगोलाची एमए आहे. चार वर्षं नववी-दहावीला भूगोल शिकवलाय. फळ्यावर उत्तर अमेरिकेचा नकाशा काढून ‘प्रेअरी – गव्हाचं कोठार’ असं लिहिलंय. स्थानिक वाऱ्यांच्या ‘जोड्या लावा’मध्ये लू, फॉन, मिस्ट्रल यांच्याबरोबर चिनूक असायचाच : रॉकी पर्वतावरून खाली उतरणारा कोरडा, उबदार, बर्फ खाणारा वारा. एका गुणाचा प्रश्न. मुलं कधी चुकायची नाहीत. चुकली ती बाई.

त्या जानेवारीत आठवडाभर उणे तीसच्या खाली-वर होतं. मग चिनूक आला. एका दिवसात पारा शून्याच्या वर, अंगणातलं बर्फ दोन दिवसांत गायब. आम्ही स्वेटरवर फिरायला गेलो. पुन्हा चार दिवसांनी उणे पंचवीस. माणूस कोट घालतो-काढतो, झाडाला ते कुठून जमणार? दक्षिणेच्या भिंतीपाशी दुपारच्या उन्हात बुंध्याची साल तापते, रस हलायला लागतो आणि सूर्य मावळला की तीच साल गोठते. मुळांवरचं बर्फाचं पांघरूणही वाऱ्याने खाल्लेलं. मे महिन्यात सगळं शहर हिरवं झालं तरी आमची चेरी काठीसारखी उभी. बुंध्यावर नैऋत्येच्या बाजूला वीतभर उभी चीर होती. नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं असेल तर झाड जिवंत असतं. आत तपकिरी निघालं. मी जुलैपर्यंत तिला पाणी घालत राहिले, कशासाठी कोण जाणे.

आता हे झोनचं प्रकरण नीट सांगते, कारण तिकडे भारतात वाचणाऱ्यांना ते माहीत नसेल आणि इथल्या अनेकांना अर्धवट माहीत असतं. कॅनडात झाडांच्या काटकपणाचे पट्टे पाडलेले आहेत. शून्य म्हणजे सगळ्यात खडतर, मग आकडा जसा वाढेल तसं हवामान सौम्य. अमेरिकेतही असेच आकडे आहेत, पण ते फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावर ठरतात. कॅनडाचा पहिला नकाशा १९६७ साली निघाला, त्यात सात गोष्टींचा हिशेब धरला होता : हिवाळ्याची थंडी, दहिवराशिवायचे दिवस, उन्हाळ्याची उष्णता, पाऊस, बर्फाची जाडी, वारा वगैरे. त्यामुळे दोन्ही देशांचा ‘पाच’ एकच असेल असं नाही, आणि दुकानातल्या लेबलवर कुठला आकडा आहे ते विचारावं लागतं. नॅचरल रिसोर्सेस कॅनडाच्या नकाशात आपलं गाव शोधता येतं. अलीकडच्या नकाशांत कॅलगरीचा आकडा जुन्यापेक्षा वर सरकलाय, पण इथले जुने बागवाले झाड घेताना अजून तीनच धरतात. मीही आता तीनच धरते. आकडा कितीही वर सरकला तरी चिनूक थांबलेला नाही. टोरांटोकडच्या मैत्रिणींनी मात्र हे वाचून घाबरू नये, तुमच्या शेजारी नायगाराच्या पट्ट्यात पीच आणि द्राक्षं होतात. व्हँकुव्हरवाल्यांबद्दल तर मी काही बोलतच नाही.

तर, ते काठीसारखं झाड उपटल्यावर मी दोन वर्षं गप्प बसले. यंदा फेब्रुवारीत कराडचं घर गेलं.

गेलं म्हणजे विकलं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, भाऊ पुण्यात, आईला एकटीला तिथे ठेवणं कुणालाच पटत नव्हतं. जागेवर इमारत उभी राहणार आहे. मागच्या अंगणात एक रामफळ होतं, दोन पेरू आणि विहिरीपाशी पारिजातक. रामफळ बाबांनी माझ्या जन्माच्या साली लावलेलं. आई भावाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि मे महिन्यात आमच्याकडे आली. निघण्याआधी फोनवर म्हणाली, अंगणातली मूठभर माती आणते. मला सांगावं लागलं की माती आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि वर बोलणी बसतील. मातीतून रोग-किडी येतात, नियम बरोबरच आहे. शाळेत मी मुलांना हेही शिकवलं असतं. आईने ती माती भावाच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकली. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, “रामफळ पाडलं म्हणे. मी नाही गेले बघायला.”

मग मागच्या दारात उभी राहून तिने अंगण पाहिलं. “एवढी जागा आणि नुसतं गवत?”

नवरा म्हणाला, “आई, आम्ही इथे किती दिवस आहोत, नक्की कुठे आहे...”

“अकरा वर्षं झाली, जावईबापू. तुम्ही आल्या आल्या पेरू लावला असतात तर आत्तापर्यंत आठ बहार खाऊन झाले असते.”

त्यावर तो काही बोलला नाही. मी पण नाही. शनिवारी आम्ही नर्सरीत गेलो.

जाण्याआधी दोन रात्री आई आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी याद्या घेऊन बसलो होतो. मी तिला वाचून दाखवत होते. या प्रेअरीवर सुरुवातीला येऊन राहिलेल्या लोकांचीही झाडं मरतच होती. पूर्वेकडची, युरोपातली नेहमीची सफरचंदं इथल्या हिवाळ्यात टिकेनात. १८८६ साली सरकारने प्रायोगिक शेतं काढली, त्यांचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स. त्यांनी सैबेरियातलं बोराएवढ्या फळाचं रानटी सफरचंद घेतलं आणि मोठ्या फळांच्या जातींशी त्याचा संकर केला. फळ लहान झालं, पण झाड जगलं. मग पुढच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. आज इथे मिळणारी गुडलँड, नॉरलँड ही सफरचंदं मॅनिटोबातल्या मॉर्डेन आणि सस्कॅचवानमधल्या स्कॉट इथल्या केंद्रांतली. सस्कॅचवान विद्यापीठाने आंबट चेरीची बुटकी झुडपं तयार केली, त्यातली कारमाइन ज्युएल १९९९ साली बाहेर आली. हॅसकॅप नावाचं लांबट निळं बोर तर तिथल्या बॉब बोर्स यांनी घरोघरी पोचवलं. त्याची फुलं उणे सातपर्यंतची थंडी सोसतात. मात्र हॅसकॅप लावायचं तर दोन वेगवेगळ्या जातींची लावावी लागतात, एकट्या झुडपाला फळ धरत नाही.

“पपईसारखं? नर-मादी?” आईने विचारलं.

तसं नाही, फुलात दोन्ही असतं, पण परका पराग लागतो. सफरचंदाचंही तेच. जवळपास त्याच वेळी फुलणारं दुसऱ्या जातीचं सफरचंद किंवा क्रॅबॲपल हवंच. आमच्या नशिबाने शेजारच्या आजींच्या दारात जुनं क्रॅबॲपल आहे. मे महिन्याच्या शेवटी ते असं गुलाबी होतं की पानं दिसत नाहीत. मधमाश्यांना कुंपण थोडंच कळतं, त्यामुळे आम्हाला सफरचंद एकच पुरणार होतं. तुम्ही झाड घेण्याआधी गल्लीतून एक चक्कर मारून या, जोडीदार कुणाकडे तरी असतोच.

मग मी आईला इव्हान्स चेरीची गोष्ट वाचून दाखवली. १९७६ साली इयुआन इव्हान्स या बागायततज्ज्ञांना एडमंटनजवळ एका बाईंच्या बागेत आंबट चेरीची झाडं सापडली. तिथे गोठवणाऱ्या हिवाळ्यांत ती कित्येक वर्षं बिनबोभाट फळत होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. ती बाग मोडली जाणार होती. त्यांनी झाडांच्या बुडाचे फुटवे काढून नेले, वाढवले, लोकांना वाटले. आज आल्बर्टातल्या जवळजवळ प्रत्येक नर्सरीत हे झाड मिळतं. याला जोडीदार लागत नाही, कलमही नसतं. आपल्याच मुळावर वाढतं, त्यामुळे थंडीने वरून मेलं तरी खालून फुटतं तेही चेरीच.

आई बराच वेळ यादीकडे बघत बसली. मग म्हणाली, “रामफळाच्या चार बिया तरी ठेवायला हव्या होत्या मी.”

नर्सरीत तिने इव्हान्स चेरी निवडली. मी गुडलँड सफरचंद घेतलं, कारण ते नीट ठेवलं तर हिवाळाभर टिकतं म्हणतात. नवरा ट्रॉली ढकलत होता. पैसे द्यायच्या रांगेत बघते तर त्याच्या हातात गुलाब. ‘जॉन कॅबट’, वेल चढवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. हा गुलाब ओटावातला. फेलिसिटास स्वेडा या मूळच्या ऑस्ट्रियाच्या, १९५३ साली कॅनडात आलेल्या. त्यांना कॅनडाच्या थंडीत टिकणारे गुलाब हवे होते. त्यांची पद्धत अशी की रोपं हिवाळ्यात उघड्यावर ठेवायची, काही झाकायचं नाही, वसंतात जी जिवंत असतील त्यांच्यावर पुढचं काम. हे मी गाडीत सांगितलं तर नवरा म्हणाला, “आपल्या पहिल्या हिवाळ्यासारखंच की. मला तर कोट कुठला घ्यायचा तेही माहीत नव्हतं.”

आता खड्डा. इथे खणण्याआधी कळवावं लागतं, विसरू नका. फुकट आहे, पण काही दिवस थांबावं लागतं. माणसं येऊन जमिनीखालच्या गॅसच्या, विजेच्या, फोनच्या वाहिन्या कुठून जातात तिथे रंग मारून, झेंडे लावून जातात. आई सकाळी उठून मागच्या दारात आली तर अंगणात पिवळे आणि लाल झेंडे. “पालखी आहे का आज?” आमची गॅसची वाहिनी नेमकी मी ठरवलेल्या जागेखालून जात होती. जागा बदलली. बरं झालं, नवी जागा भिंतीपासून लांब, पूर्वेच्या कुंपणापाशी मिळाली. तिथे हिवाळ्यात बर्फ साचून राहतं. पूर्वी मला ती जागा वाईट वाटायची.

खड्ड्यावरून माझं आणि आईचं वाजलं. कराडच्या पद्धतीने खड्डा कमरेएवढा खोल हवा, त्यात शेणखत, निंबोळी पेंड, मग माती. इथे सांगतात की खड्डा रुंद करा, मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट, पण खोल तेवढाच ठेवा जेवढा गड्डा आहे. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांना भिडतो ती जागा जमिनीच्या बरोबर वर दिसली पाहिजे. आणि खड्ड्यात भरायची ती निघालेलीच माती. आमची माती म्हणजे चिकणमाती, ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. त्यात मऊ खताचा खड्डा केला तर मुळं तिथेच गोल गोल फिरत राहतात, बाहेरच्या मातीत जायला बघत नाहीत. कुंडीतल्यासारखीच. आईला हे पटलं नाही. “मूल जन्मल्यावर पहिलं बाळसं नको का?” शेवटी तोडगा निघाला. खत वरून आळ्यात, त्यावर सालींच्या तुकड्यांचा थर, बुंध्याला न टेकवता. आणि खड्ड्याच्या तळाशी आईने रुपयाचं नाणं आणि हळद-कुंकू टाकलं, त्याला मी हरकत घेतली नाही. चेरी तिने स्वतः धरली. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना कुरकुरणारी बाई अर्धा तास उकिडवी बसून माती दाबत होती.

त्यानंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती झाडांपाशी. आठवड्यातून दोन-तीन बादल्या पाणी प्रत्येकी, सावकाश, आळ्यात. पहिल्या दोन वर्षांत हे चुकवायचं नाही, इथली हवा फार कोरडी आहे. जुलैनंतर मात्र खत बंद. नाहीतर कोवळी फूट येते आणि ती पिकायच्या आत थंडी येते. जुलैत एका संध्याकाळी आभाळ हिरवट झालं आणि गारा सुरू झाल्या. २०२०च्या १३ जूनला शहराच्या ईशान्य भागात झालेली गारपीट ज्यांनी पाहिलीय त्यांना तो रंग ओळखता येतो. आई माझी चांगली सोलापुरी चादर घेऊन पावसात धावली. चादरीला भोकं पडली, चेरीची चार पानं फाटली. सफरचंदाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझं होतं.

कुंडीतल्यांबद्दल दरवर्षी विचारता म्हणून दोनच वाक्यं : कढीलिंब, मोगरा, जास्वंद रात्रीचं तापमान दहाच्या खाली जायच्या आत घरात घ्या, आणि पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका. हिवाळ्यात कढीलिंब मरतो तो बहुतेक वेळा आपल्या मायेने.

ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या आजींनी क्रॅबॲपलची बादली भरून दिली. दरवर्षी देतात, दरवर्षी मी जॅम करते आणि कुणी खात नाही. आईने एक फळ चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “ही तर कैरी आहे.” मग मेथांबा झाला. बिया काढायला वेळ लागतो, पण साल ठेवली तर रंग सुंदर येतो. गूळ कैरीपेक्षा थोडा कमी लागला. एक बरणी आजींकडे गेली. त्यांनी ती टोस्टवर लावून खाल्ली आणि पुन्हा बादली आणून ठेवली.

आई सप्टेंबरच्या मध्यावर परत गेली. आता दर रविवारी फोन. आजचा पहिला प्रश्न : “झाकलंस का?” झाकायचं नसतं आई, म्हटलं, बुंध्याभोवती पांढरी नळी बसवलीय. ती उन्हाने साल तापू देत नाही आणि सशांपासूनही वाचवते. इथले मोठे ससे बर्फ पडलं की कोवळी साल सोलून खातात. जमीन गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी दिलंय. पुढे बर्फ पडलं की गाडीच्या वाटेवरचं, मीठ न मारलेलं बर्फ फावड्याने झाडांच्या बुडाशी ढकलायचं. “बर्फाने ऊब?” तिला ते अजून पटत नाही. गोधडी समज, म्हटलं.

“आणि चेरी कधी लागेल?”

“तीनेक वर्षं. सफरचंदाला चार.”

मागून नवरा म्हणाला, “पाच धरा, आई. आम्ही आहोत.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तिने विचारलं की मी टेबलावर काय पसरून बसलेय. ट्यूलिपचे कंद होते, चाळीस. इथे ते दिवाळीच्या आगेमागेच मातीत जातात, वीतभर खोल. हिवाळाभर थंडी खाल्ल्याशिवाय फुलत नाहीत, आणि उथळ लावले तर खारी उकरून नेतात. कॅमेरा जवळ नेऊन एक कंद तिला दाखवला.

“लसणासारखाच की. टोक वर ठेवून लावायचा ना?”

“हो.”

“मग उद्याच लाव. पाऊस सांगितलाय तुमच्याकडे, मी बघितलं मोबाइलवर.”